हेमकांतनाना शिबिर पाहून आले

घर पाहावं तर हेमकांतनानांनी, असं प्रकाशा गावात म्हणत. भाच्या-पुतण्यांच्या सोयरिकी ठरवताना ते न कळवता जात, पाणी पिता पिता घराचा अंदाज घेत, निघताना जवळच्या टपरीवर चौकशी करत. त्यांनी होकार दिलेल्या घरी मुली सुखाने नांदत होत्या.

त्यांची मुलगी रुचिका अकरावीत. इंजिनिअरिंगला जावं की नाही, हे तिला उन्हाळी शिबिरात स्वतः अनुभवून ठरवायचं होतं. तिने दोन शिबिरं शोधून काढली होती, एक सुरतेचं, एक नाशिकचं. पहिली तुकडी चालू असतानाच नाना दोन्हीकडे न कळवता जाऊन आले.

"सुरतलेच धाडूत," ओट्यावर टेकत ते म्हणाले. "वसतिगृह साफ शे. मॅडम तठेच ऱ्हातीस. वरण मी खाई दखं."

"पोर देनी शे का तठे?" त्यांच्या बायकोने, चारुलताने विचारलं.

रुचिका हसली, मग गंभीर झाली. "नाना, पोरेसना हातमा काय व्हतं?"

नाना अडखळले. सुरतेला मुलं मोठ्या पडद्यासमोर रांगेत बसली होती. हात मांडीवर. यंत्रमानव होता, पण काचेच्या कपाटात.

"आनि नाशिकले?"

नाशिकचं स्वयंपाकघर पाहूनच त्यांनी नकार ठरवला होता. मागच्या शेडकडे ते फिरकलेच नाहीत. मात्र तिथून ठोकाठोकीचा आवाज येत होता, आणि पाणी प्यायला आलेल्या मुलींचे हात कोपरापर्यंत काळे होते.

"मी समजनू, हात धुवानी सोय नही," ते ओशाळून म्हणाले.

रुचिका त्यांच्याकडे बघत राहिली. लहानपणी जत्रेत पाळण्याकडे बघायची तशी.

नानांनी नाशिकला फोन लावला. पलीकडून शिबिराच्या सरांचा आवाज आला. "शेडमध्ये मुलं काय करतात हो?" एवढं विचारून त्यांनी फोन तिच्या हातात दिला.

ती किती तरी वेळ विचारत होती. शेडमधले पंप स्वतः उघडू देतात का, बिघडला तर रागावतात का. नानांना निम्मंच कळत होतं, तरी ते मान हलवत होते. शेवटी तिने फोनवर हात ठेवला.

"नाना, सर इचारतस, येवानं का?"

आजवर समोरच्या घराला शब्द नानाच देत आले होते. त्यांनी चारुलताकडे पाहिलं, मग पोरीकडे.

"तूच सांग त्यासले," ते म्हणाले.