तीन शिट्ट्यांचं वरण

वय झालं की घरात दोनच गोष्टी साठतात. एक म्हणजे श्रीखंडाचे रिकामे डबे, आणि दुसरी म्हणजे किस्से. डबे सून येऊन टाकून देते. किस्से तिला टाकता येत नाहीत, कारण निम्म्यांत ती स्वतःच आहे!

पण गेल्या उन्हाळ्यापासून माझ्या घरात जेवढे किस्से साठले, तेवढे आख्ख्या संसारात साठले नव्हते. सगळे एकाच भांड्यातून निघाले. त्या भांड्याला वायर आहे.

झालं असं की मी सुरतेत, भेस्तानला एकटी राहते. नवरा लूमवर होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा दिलीप बँकेत, राहायला सुरतेच्याच दुसऱ्या टोकाला, अडाजणला. एके दिवशी मी गॅसवर कुकर लावला आणि खाली सोसायटीच्या प्रमुखाशी पाण्याच्या मोटरवरून भांडायला गेले. भांडण मी जिंकले. डाळ हरली. धूर जिन्यापर्यंत आला, लोक जमले, कुणीतरी दिलीपला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी तो आला तो एक भलं मोठं खोकं घेऊन. आत इलेक्ट्रिक कुकर. भाकरीला एक इलेक्ट्रिक शेगडीही. गॅसची बाटली त्यानं माझ्या देखत उचलून गाडीत ठेवली.

"दिवाळीपर्यंत बघू, आई. गॅस बंद. एकटीनं एसटीत बसून बाहेरगावी जाणंही बंद. यातलं काही बिघडलं तर तुझी ट्रंक उचलून आमच्याकडे. मग मी ऐकणार नाही."

अडाजणला माझ्यासाठी खोली तयार आहे. तिला एसी आहे, बाल्कनी आहे. सून स्वाती गुणाची आहे. पण ओटा तिचा आहे. दुसऱ्या बाईच्या ओट्यावर मी पाहुणी म्हणून कोथिंबीर निवडत बसायचं? मी? म्हटलं, ठीक आहे. एका भांड्याला घाबरणारी मी नाही.

इथंच चुकलं.

*

पहिल्या दिवशी तूरडाळ घातली, हळद-हिंग घातलं, दिलीपनं दाखवलेलं बटण दाबलं आणि समोर खुर्ची टाकून बसले. वरणाला तीन शिट्ट्या, हा माझा आयुष्यभराचा हिशेब. भाताला दोन, हरभऱ्याला सहा आणि वर एक देवाच्या नावानं.

कुकरवरचे आकडे उतरत उतरत शून्यावर आले. टूं टूं वाजलं. मग आकडे पुन्हा चढायला लागले. मला वाटलं, आता कुठे गाडी खरी सुरू झाली! बसून राहिले. दुपारची पोथी तिथंच वाचली. लसूण सोलला. संध्याकाळी दिलीपचा फोन आला.

"काय, कसं झालं वरण?"

"अजून पहिली शिट्टी व्हायचीय."

"आई! तो शिट्टी मारतच नाही! कधीच झालं असेल ते. तो आपोआप बंद होतो."

"अरे, माणूसही आपोआप बंद होतो. पण तोसुद्धा आधी घरघर करतो!"

झाकण उघडलं. वरण असं झालं होतं की भिंतीला पुट्टी म्हणून लावावं. मी तेच जेवले. कुणाला सांगितलं नाही.

*

माझ्या खालच्या मजल्यावर हंसाबेन राहतात. पक्क्या सुरती, माझ्याहून बऱ्याच लहान, मला मासी, म्हणजे मावशी म्हणतात. माझा कुकर आला त्या आठवड्यात त्यांच्या घरात वेगळंच काहीतरी चाललं होतं. रोज दाळ जळत होती, नाहीतर कच्ची राहत होती. नवरा रोज कतारगामच्या कारखान्यात उशिरा पोचत होता.

शेवटी एका सकाळी माझं दार धाडधाड वाजलं. उघडते तो हंसाबेन, हातात डाव तसाच, डोळ्यांत पाणी.

"मासी! जीवो छो ने?"

"जिवंतच आहे. का?"

"तो पछी सीटी केम नथी वागती?"

तेव्हा उलगडा झाला. बाईंनी आजवर स्वतःच्या कुकरच्या शिट्ट्या कधी मोजल्याच नव्हत्या! माझी पहिली शिट्टी झाली की त्या दाळ चढवायच्या, तिसरी झाली की नवऱ्याला आंघोळीला पाठवायच्या. माझं गणित पक्कं म्हणून त्यांनी स्वतःचं केलंच नव्हतं. शिट्टी बंद झाली तेव्हा आठवडाभर दम धरला, मग ठरवलं, मासी गेली.

इथवर ठीक होतं. पण वर यायच्या आधी त्यांनी दिलीपलाही फोन करून टाकला होता. तो ऑफिसातून तसाच धावत आला, सोबत एक डॉक्टर. मी आणि हंसाबेन चहा पीत बसलो होतो.

"आता पुरे, आई," दिलीप घाम पुसत म्हणाला. "तुला खरंच काही झालं तर कळणार कसं? ट्रंक भर."

डॉक्टरांनी उगाच माझं बीपी घेतलं. ते माझ्यापेक्षा दिलीपचं जास्त निघालं! त्या गडबडीत ट्रंकेचा विषय कसाबसा टळला. पण टांगती तलवार राहिली.

तो गेल्यावर आम्ही दोघींनी तोड काढली. लहानपणी खानदेशात मी ज्वारीच्या शेतात पाखरं हाकलायला शिट्टी मारायचे. आई ओरडायची, पोरीनं शिट्टी मारू नये. मारली, आणि काही बिघडलं नाही. तर ठरलं असं: कुकर चालू केला की मी खिडकीत उभी राहून तोंडानं पहिली शिट्टी मारायची, मग घड्याळ बघून दुसरी, मग तिसरी. हंसाबेनची दाळ वेळेवर, आणि मी जिवंत असल्याची खबरही रोजच्या रोज.

एकच अडचण होती. कवळी घालून शिट्टी येत नाही, फुर्र होतं. म्हणून आता रोज सकाळी मी कवळी वाटीत काढून ठेवते, खिडकीत जाते, आणि दिलीपनं एवढे पैसे घालून आणलेल्या यंत्राची शिट्टी स्वतः वाजवते!

*

मशीनवरची बटणं इंग्रजीत. मी शाळेत गेलेली बाई नाही. मराठी शिकले नवऱ्याच्या पेपरवर, गुजराती शिकले साड्यांच्या खोक्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून. इंग्रजी राहून गेलं. पण अडून बसणं माझ्या रक्तात नाही. मी बटणांवर टिकल्या लावल्या. लाल म्हणजे डाळ, हिरवी म्हणजे भात, आणि निळी म्हणजे हात लावायचा नाही.

स्वातीनं बघितलं आणि म्हणाली, "आई, तुम्ही कंपनीत असायला हव्या होतात!" मी आठवडाभर ते वाक्य जिन्यात भेटेल त्याला सांगत होते.

मग एक दिवस हळदीकुंकवाला निघायची घाई. टिकलीचं पाकीट सापडेना. नवरा गेल्यावरही मी टिकली लावते, ज्यांना बघवत नसेल त्यांनी खाली बघावं. तर मी काय केलं, कुकरवरची लाल टिकली काढली आणि कपाळाला लावली. मॅचिंग होती. मग डाळ लावायची म्हणून अंदाजानं एक बटण दाबलं आणि गेले.

परत आले तेव्हा डाळ तशीच. दाणा न् दाणा कडक, पाणी कोमट. मी दह्याचं बटण दाबलं होतं! लहान बाळाला घालतात तशी डाळीला दुपारभर आंघोळ चालली होती.

आरशात बघितलं. कपाळावर डाळीचं बटण चमकत होतं.

*

झाकणाचं थोडक्यात सांगते, कारण जास्त सांगायला लाज वाटते. वाफ निघाल्याशिवाय ते उघडत नाही, हे मला दिलीपनं सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं. मी ओढलं, पिळलं, कुकर मांडीत धरून पुन्हा पिळलं. अहिराणीत शिव्या घातल्या, "तुना मुडदा पडो!" म्हटलं. शेवटी दमून हंसाबेनला हाक मारली. त्या जिना चढून येईपर्यंत वाफ निघून गेली. त्यांनी दोन बोटं लावली आणि झाकण उघडलं.

त्या आजही सोसायटीत सांगतात, "मासी पासे जोर नथी."

*

याहून मोठा पराक्रम भाताचा. आतलं भांडं घासून पालथं घातलेलं. मी नेहमीसारखी फोनवर कुणालातरी शहाणपण शिकवत होते. बोलता बोलता धुतलेले तांदूळ आणि पाणी थेट मशीनच्या पोटात ओतले. भांड्याशिवाय!

प्लग लावलेला नव्हता, म्हणून तुम्ही हे वाचताय.

मशीन पालथं केलं, फडक्यानं पुसलं आणि गच्चीत हंसाबेनच्या पापडांशेजारी वाळत घातलं. तेवढ्यात दिलीपचा व्हिडिओ कॉल. "कुकर कुठाय?" म्हणाला.

"ऊन खातोय."

तो हसला. त्याला वाटलं, आई विनोद करते. दोन-तीन उन्हं खाऊन तो कुकर सुरू झाला, आणि अजून चालतोय. फक्त अधूनमधून खालून एखादा तांदूळ पडतो.

*

आता शेवटचं. हे ऐन दिवाळीच्या तोंडावरचं.

बारडोलीला माझी मैत्रीण सुमन राहते. तिच्या मुलानंही तिला असाच कुकर आणून दिला. सकाळी तिचा रडवेला फोन. "अगं, याच्यातून जळका वास येतोय, आणि आज व्याही जेवायला यायचेत!"

मी म्हटलं, "हात लावू नकोस. मी येते."

आता भेस्तान ते बारडोली या यंत्रातलं माझ्याइतकं कुणाला कळतं? बाहेरगावी जायला मनाई होती, ठाऊक होतं. म्हणून मोबाइल मुद्दाम घरीच फ्रिजवर ठेवला, एसटीचा हॉर्न दिलीपला ऐकू जायला नको. हंसाबेनला सांगितलं, "फोन आला तर सांभाळा," आणि गाडीत बसले.

सुमनच्या घरी जाऊन बघते तर काय, बाईनं आतलं भांडं न ठेवताच तांदूळ ओतलेले!

"एवढीही अक्कल नाही तुला?" मी कडाडले. "हे कुणी करतं का?"

मग शेजारणीच्या गॅसवर आम्ही व्याह्यांचं जेवण उरकलं. मी मानानं साडी-ओटी घेऊन दिवेलागणीच्या आत घरी परत. दारात हंसाबेन उभ्या, चेहरा दिवाळीसारखा उजळलेला.

"दिलीपभाईनो फोन मारा पर आव्यो 'तो! पूछे, मासी घरमां छे?"

"मग?"

"में कह्युं, छे ने! रसोडामां छे. ए माने नहीं. तो में फोन बारी पासे राखीने..." मी स्वयंपाकघरात आहे असं सांगून फोन खिडकीशी धरला होता म्हणे! आणि बाईंनी तोंडाचा चंबू करून मला तीन शिट्ट्या मारून दाखवल्या. पहिली बरी, मधली फाटकी, तिसरी लांबलचक. "में कह्युं, सुणो, मासीनो कुकर वागे छे!"

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"हंसाबेन," मी म्हटलं, "त्यानं आणलेला कुकर शिट्टी मारत नाही."

त्यांचा हात तोंडावर गेला. इतके महिने माझीच शिट्टी ऐकून बिचारी विसरूनच गेली होती!

मी घरात आले. पलंगाखालची ट्रंक बघितली. ओट्यावरून एकदा हात फिरवला. कुकरवरच्या टिकल्या बघितल्या. तेवढ्यात फ्रिजवर मोबाइल वाजायला लागला. दिलीप. एकदा वाजू दिला. दुसऱ्यांदा उचलला.

"आई, आज जेवायला काय केलं होतंस?"

"वरण-भात."

"किती शिट्ट्या केल्यास?"

कवळी तोंडात असूनही माझी जीभ अडखळली. पण माघार घेणं मला येत नाही.

"तीन."

मग तो म्हणाला, "हो. मला अडाजणपर्यंत ऐकू आल्या. दिवाळीला आम्हीच तिकडे येतो, वरण-बट्टी कर." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, "मधली जरा बेसूर होती, आई. तेवढी सुधार."