घेतलं म्हण

दुपारी डोळा लागता लागता कालिंदीला वाटतं, पलंग किंचित उताराला लागलाय. ती कूस बदलते, उशी उलटी करते. स्वयंपाकघरात आई डबे लावतेय, तो आवाज लांब जात जात आयसीयूतल्या मशीनसारखा वाजू लागतो. मग ती तिथेच उभी असते, अनवाणी, आणि फरशीवरून घोट्याइतकं पाणी वाहत असतं. कुणाला त्याचं काही वाटत नाही. सिस्टर पाण्यातूनच सलाईनचा स्टँड ढकलत जाते.

पलंगावर अण्णा बसलेत. तिचे वडील, जाऊन अजून महिनाही झालेला नाही. खोकताना छातीचे टाके ताणू नयेत म्हणून उशी छातीशी धरायला सांगितलेलं, ती त्यांनी शहाण्या पोरासारखी धरलीय.

"पायातली शीर काढून काळजाला जोडली," ते म्हणतात. "आता पाय रुसलाय. म्हणतो, माझा पाट वळवताना मला विचारलं का?"

कालिंदीला हसू येत नाही. तिला एकच विचारायचंय, आणि त्याआधीच हे उठून जातील अशी धास्ती आहे.

बायपास चांगली झाली, असंच सगळे सांगत होते. मग अण्णांचं भान सुटलं. वयस्कर पेशंटचं होतं असं, येतील ताळ्यावर, असं डॉक्टर म्हणाले. पण त्याआधीच छातीच्या जखमेतला जंतुसंसर्ग रक्तात पसरला, घशात नळी बसली आणि बोलणं संपलं. नळी बसेपर्यंत अण्णा तिचं मनगट धरून एवढंच म्हणत राहिले होते: घेतलं म्हण. नावानं हाक एकदाही मारली नाही. पेशंटला तो कुठं आहे ते सांगत राहा, अशी सिस्टरची सूचना होती. म्हणून कालिंदी सांगत राहिली की अण्णा, हे हॉस्पिटल आहे, झोपा आता.

पलंगाच्या कठड्याला ती हात लावते तर तो कालव्याच्या गेटचा कठडा असतो. दोन्ही बाजूंना भराव, भरावावर बाभळी, आणि वर उजेड मात्र वॉर्डातल्या ट्यूबलाइटचा. अण्णांनी सगळी नोकरी या गेटवर काढली. आताही गेट वर-खाली करायचं चाक दोन्ही हातांनी धरून उभे आहेत. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पोटरीवर टाक्यांची लांब रेघ.

ते आईच्या गुडघ्यांची चौकशी करतात. पलीकडच्या शेतकऱ्यानं पुन्हा पाट फोडला, म्हणून त्याला दोन शिव्या घालतात. ती मध्येच तोडते.

"अण्णा, शेवटी तुम्ही मला ओळखलं होतं का?"

ते तिच्याकडे वैतागून बघतात. "लहानपणी माझा डबा घेऊन यायचीस इथं. पाळी सोडताना मी काय करायचो?"

तिला माहीत आहे. बदलीचा माणूस चाकावर हात ठेवून 'घेतलं' म्हणत नाही, तोवर पहिला माणूस चाक सोडत नाही. एकदा अण्णा अंगात ताप घेऊन दुसऱ्या पाळीलाही उभे राहिले होते, कारण बदलीला आलेला माणूस त्यांच्या ओळखीचा नव्हता. अनोळखी हातात पाणी द्यायचं नाही. त्यानं चाक उलटं फिरवलं तर खालची शेतं गेलीच.

"ओळखीच्याच माणसाला द्यायचात," ती म्हणते.

"मग? परक्या बाईला म्हणालो असतो का, घेतलं म्हण?"

पाणी तिच्या गुडघ्याशी आलंय.

"तेव्हापासून उभाच आहे," अण्णा म्हणतात. तक्रारीचा सूर नाही. "पाय भरून आलेत गं, कालिंदे."

ती चाकावर हात ठेवते. लोखंड गार, खरबरीत. खालच्या पाण्यानं थरथरणारं.

"घेतलं, अण्णा."

ते लगेच सोडत नाहीत. तिची पकड बघतात, तिचा अंगठा चाकाच्या वरच्या बाजूला सरकवतात आणि मगच हात काढून घेतात. भरावावरून चालू लागतात. लंगडत नाहीत.

"उठलीस का? चहाचं आधण ठेव," आई हाक मारतेय.

कालिंदी उठून बसते. उजव्या तळव्यावर गंजाचा तपकिरी पट्टा उमटलाय. ती हात नाकाशी नेते. लोखंडाचा वास येतो. स्वयंपाकघरात जाऊन ती डाव्याच हातानं पातेलं उचलते, डाव्याच हातानं गॅस पेटवते.

"डावरी कधीपासून झालीस?" आई विचारते.

कालिंदी मूठ उघडत नाही.