तिसऱ्या दिवसाची दशमी

बुरशी पाहून आनंदणाऱ्या बाया क्योतोत आणखीही असतील, पण ती दुसऱ्यांना इतक्या हौसेने दाखवणारी ही एकच. माझी शेजारीण मूळची कऱ्हाडकडची, इथल्या विद्यापीठात अन्नावरच्या बुरशीचा अभ्यास करते. तिला जेवायला बोलावलं तर आधी आमचा पाव उजेडात धरून बघते आणि मगच बसते. तिच्या घरातल्या प्रत्येक डब्यावर तारीख आणि वेळ असते. दिवाळीत मी नेलेल्या लाडवांवरही तिने माझ्यासमोर चिठ्ठी डकवली आणि वर म्हणाली, "राग मानू नकोस, संशय लाडवांवर आहे, तुझ्यावर नाही." कचरा वेगळा कसा करायचा याबद्दल शंका आली तर गल्लीतल्या जपानी आजीबाईसुद्धा तिचं दार वाजवतात.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या चुलतभावाने घराण्याचं पुस्तक छापायला घेतलं. बेचाळीसच्या चळवळीत तिच्या आजोबांचे धाकटे भाऊ साथीदारांसह डोंगरात भूमिगत होते. आजी त्यांच्यासाठी दुधात भिजवून दशम्या करी, एक धनगर त्या आठवड्यातून एकदा वर नेई आणि त्या आठ दिवस टिकत, अशी घरातली गोष्ट. भाऊ म्हणाला, दशमी आठ दिवस टिकत नाही आणि थापा मी छापणार नाही. म्हणजे आजीबद्दलचं एकुलतं एक वाक्यही जाणार होतं. "पुरुषांची चाळीस पानं, आणि आजीला एक ओळ जड झाली," ती मला म्हणाली. "तू पेपरात होतीस ना? सांग, पुरावा म्हणजे काय लागतं?" मी म्हटलं, दाखवता येईल असं काहीतरी.

मग तिने कोबेच्या भारतीय दुकानातून ज्वारीचं पीठ आणलं. दशम्या फडक्यात बांधल्या, टोपलीत ठेवल्या, क्योतोची दमट हवा आड येऊ नये म्हणून एक खोली यंत्राने कोरडी केली. त्या खोलीत नवऱ्याला मज्जाव होता. गठुड्यांवर 'स्वातंत्र्य १', 'स्वातंत्र्य २' अशा चिठ्ठ्या होत्या. एका सकाळी नवऱ्याने 'स्वातंत्र्य ५' लोणच्याशी खाल्लं, तेव्हापासून ती त्याला फितूर म्हणते. तूप वाढवलं, मीठ वाढवलं, पण तिसऱ्या दिवशी बुरशी येतच राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला ती पाहून वाईट वाटलं.

शेवटी तिने गावी आजोबांच्या बहिणीला फोन लावला. आत्याआजी नव्वदीच्या पुढच्या आहेत. आजी दशमीत आणखी काय घालायची, एवढंच तिला विचारायचं होतं. फोन स्पीकरवर होता, मी समोरच होते.

"तिसऱ्या दिवशी बुरशी येतेच की गं," आत्याआजी म्हणाल्या. "एवढी शिकलीस आणि हे ठाऊक नाही?"

"मग आठ दिवस?"

"ते दादाला, तुझ्या आजोबांना, सांगायला. धनगर-बिनगर कुणी नव्हता. वहिनी स्वतः जायची, दिवसाआड, सरपणाच्या नावाखाली. मी मागून शेण गोळा करत जायची. वाटेवर पोलिसांची चौकी होती. दादाला कळतं तर त्याने उंबरा ओलांडू दिला असता का?"

तिने फोन ठेवला. मग प्रयोगांची वही उघडून सगळे फोटो तिने भावाला पाठवले आणि खाली लिहिलं: तुझं बरोबर, दशमी तिसऱ्या दिवशी खराब होते, म्हणजे कुणीतरी दिवसाआड डोंगर चढत होतं. आता आत्याआजींना फोन कर. भावाने केला. पुस्तकात आजीला दोन पानं मिळाली.

पुस्तक आलं त्या दिवशी ती खुशीत होती. चहा घेता घेता तिने सांगितलं, आजोबा म्हातारपणीही प्रत्येक पाहुण्याला 'हिच्या दशम्या आठ दिवस टिकायच्या' असं कौतुकाने सांगत. आजी तिथेच वाढत असे.

"मला वाटायचं, कौतुकाने लाजून गप्प बसते," ती म्हणाली. "कधी विचारलंच नाही गं."