बांध कोरणारा बादशहा

आर्या, निहार, परवा तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, तिकडे सरकारवर चित्र काढलं तर पकडतात का?" फोन ठेवल्यावर मला आमचे शेजारी गायकवाड भाऊ आठवले. ते गेल्याच महिन्यात झोपेत शांतपणे गेले. तेव्हा उत्तर लिहूनच देते.

कंपनीतून निवृत्त झाल्यापासून भाऊ रोज सकाळी कासारवाडीच्या चौकातला फळा ओल्या फडक्याने पुसत आणि खडूने नवं चित्र काढत. एकदा त्यांनी वॉचमनच्या गणवेशातला शेतकरी काढला होता. सरकारने कारखान्यासाठी घेतलेल्या स्वतःच्याच शेताच्या फाटकावर तो पहारा देत होता. कामाला निघालेली माणसं ते बघून हसायची आणि जाताना पुन्हा वळून बघायची. मी म्हणायचे, "चित्र कुणावर आहे, त्याचं नाव तरी खाली लिहा." ते म्हणत, "ताई, नाव लिहायची वेळ आली म्हणजे चित्र फसलं."

एका बलाढ्य देशाने शेजारच्या लहान देशात फौज घुसवली, तेव्हा त्यांनी मुकुट घातलेला बादशहा काढला. नांगर धरून तो शेजाऱ्याचा बांध कोरत होता. संध्याकाळी चौकीतून बोलावणं आलं. चाकणकडच्या एका पुढाऱ्याने तक्रार केली होती: गुन्हा नोंदवा, फळा उखडा. वहिनी रडू लागल्या, म्हणून मीही सोबत गेले. वाटेत भाऊ एवढंच म्हणाले, "मला आत टाकलं तरी चालंल. फळा गेला तर सकाळी उठू कशाला?"

चौकीत ते पुढारी आधीच येऊन बसले होते. भाऊ फौजदारांना म्हणाले, "साहेब, परदेशातला बादशहा आहे हा. मुकुट बघा की."

पुढारी उसळले. "आमाला येडं समजतो का? बांध कोण कोरतंय, अख्ख्या चाकणला ठावं हाय!"

फौजदारांनी चहाचा कप खाली ठेवला. "अण्णा, मग तक्रारीत तसंच लिहू? बांध तुम्ही कोरता म्हणून?"

अण्णांनी पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ऱ्हाऊ द्या. म्हातारा माणूस हाय."

बाहेर आल्यावर भाऊ पायरीवर बसले. ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. "ताई, मी बादशहा काढला. अण्णा स्वतःहून येऊन त्यात बसले!"

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नवं चित्र होतं. पुन्हा कुणी बोलावलं नाही.

भाऊंचं एकही चित्र आता उरलेलं नाही. फळा चौकातच आहे, आणि रोज सकाळी कुणी ना कुणी तो पुसून भरतं.