चित्राचं शिकवतात म्हणजे काय

मी बारावीला होते तेव्हाची गोष्ट. शेतात धान कापून पडलं होतं. एका संध्याकाळी मी घरी सांगितलं, मला चित्रकलेच्या कॉलेजात जायचंय. आई ब्लाऊजला हुक लावत होती. सावली गावातल्या आमच्या गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज तीच शिवायची. तिनं सुई थांबवली नाही.

"चित्राचं शिकवतात म्हंजे काय शिकवतात?" ती म्हणाली. "तुले तं येतेच ना काढता."

मी मोर काढायचे, गणपती काढायचे, शाळेच्या भिंतीवर सुविचारांभोवती वेली काढायचे. सगळे चांगलं म्हणायचे. मग आणखी काय शिकायचं असतं, हे खरं तर मलाही ठाऊक नव्हतं. मी सायन्सला होते आणि मी नर्सिंगला जाणार असं घरात ठरल्यासारखंच होतं. ते कोणी ठरवलं, कधी ठरवलं, ते मात्र कोणालाच सांगता आलं नसतं.

बाबा एसटीत कंडक्टर होते, गडचिरोली डेपोला. त्यांची गाडी बहुतेक वेळा कुरखेड्याच्या बाजूला जायची. आईचा प्रश्न त्यांच्या डोक्यात बसला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तो गाडीत विचारायला सुरुवात केली. तिकीट फाडता फाडता कोणालाही विचारायचे, "माही पोट्टी चित्राचं शिकतो म्हणते. पाठवाव का?" घरी आले की आईला एकेकाचं मत सांगायचे आणि मी आतल्या खोलीत पुस्तक उघडं ठेवून ऐकायचे.

एक गुरुजी म्हणाले, डीएड करून मग ड्रॉइंग घ्या, नोकरी तरी लागेल. पोलीस कॅम्पवर चाललेला एक जवान म्हणाला, त्याची बहीण मेंदी फार सुंदर काढते, लग्नात बोलावतात तिला. टोपलीत मोहफुलं घेऊन बसलेली एक बाई म्हणाली, पोरगी हुशार असली तर काहीही करते, तुम्ही तिकीट द्या. हे सांगताना बाबा स्वतःच हसले.

सगळ्यात जास्त वेळ बोलले ते पेंटरचाचा. सावलीतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या कधीकाळी त्यांच्या हातच्या होत्या. आता सगळीकडे फ्लेक्स लागले होते आणि चाचा ट्रकच्या मागची अक्षरं रंगवायचे. त्यांचा मुलगा गडचिरोलीत फ्लेक्स छापायच्या मशीनवर कामाला होता.

"त्याले कधी ब्रश धरायले सांगितलं नाई का?" बाबांनी विचारलं.

"नाही," चाचा म्हणाले. "और उसने भी कभी मांगा नही. आता कधीमधी वाटते, त्याले पुसायले पाहिजे होतं. हो म्हनला असता की नाही, मालूम नही."

बाबांनी हे घरी जसंच्या तसं सांगितलं आणि म्हणाले, "सगळे सांगून राह्यले, पन पाहिलं कोनीच नाई. आपन जाऊन पाहून येऊ."

परीक्षा झाल्यावर बाबांनी रजा घेतली आणि आम्ही नागपूरला गेलो. कॉलेज जुनं होतं. व्हरांड्यात मातीचे अर्धवट चेहरे ओल्या कापडात गुंडाळून ठेवले होते. बाबांनी एकाचं कापड हळूच उचलून आत पाहिलं आणि पुन्हा नीट झाकलं. तेवढ्यात एका वर्गातून पांढऱ्या दाढीचे सर बाहेर आले. कोणाला भेटायचंय, असं त्यांनी विचारलं.

"कोनाले नाई जी," बाबा म्हणाले. "इथी काय शिकवतात तेवढं पाहाचं आहे. मंग पोरीले पाठवाचं का नाई ते ठरवू."

मला वाटलं, आता आम्हाला ऑफिसात पाठवतील. पण सर बाबांच्या चेहऱ्याकडेच पाहत राहिले. त्या दिवशी त्यांचा मॉडेल आला नव्हता. एक म्हातारे गृहस्थ रोज बसायला यायचे, ते आजारी होते आणि वर्गातली मुलं कागद लावून नुसती बसली होती.

"काका, तुम्ही बसाल का थोडा वेळ?"

"बसून काय कराचं?"

"काही नाही करायचं. फक्त हलायचं नाही."

बाबा स्टुलावर बसले. आयुष्यभर हलत्या गाडीत उभं राहिलेला माणूस, त्याला न हलता बसणं किती अवघड गेलं असेल ते मला समोरून दिसत होतं. सुरुवातीला त्यांचे पाय आपोआप फाकले, जणू स्टूल आता वळण घेणार होतं. मुलं गालात हसली, मग काढायला लागली. सरांनी मलाही एक कागद आणि कोळशाची कांडी दिली. म्हणाले, "आलीच आहेस तर तूही काढ."

मी काढायला लागले आणि पहिल्याच रेघेला अडले. जन्मापासून ज्यांना पाहत होते, त्यांचा कान कसा आहे ते मला माहीत नव्हतं. नाक कुठून सुरू होतं, हनुवटीच्या खाली काय आहे, काहीच नाही. मोर मी न बघता काढू शकत होते. बाबा समोर बसलेले असूनही मला येईनात. मग मला जे येत होतं तेच मी केलं. डोळे नीटस काढले, मिशी काढली, खांदे सरळ काढले. बाबांसारखं दिसायला लागलं तेव्हा कुठे जीवात जीव आला.

मधल्या सुट्टीत बाबा उतरले, पाय झटकले आणि कागद लावलेल्या एकेका ईझलपुढे जाऊन उभे राहिले. त्यांना घाई नव्हती. एका मुलीच्या चित्रापुढे थांबून त्यांनी विचारलं, "माहा हा खांदा असा खाली आहे का?"

"आहे काका. उजवा."

ते पुढच्या चित्राकडे गेले. तिथंही उजवा खांदा खाली. त्याच्या पुढच्यातही. कोणाचं चित्र कच्चं होतं, कोणाचं पक्कं होतं, कोणी त्यांना म्हातारं केलं होतं, पण खांदा सगळ्यांनी उतरताच काढला होता. पैशाची चामडी पिशवी इतकी वर्षं त्याच खांद्यावर लटकली होती. शेवटी बाबा माझ्या चित्रापुढे आले. माझ्या कागदावर त्यांचे दोन्ही खांदे सारखे होते.

सरही मागे येऊन उभे होते. मला म्हणाले, "हे तू आठवून काढलंस. समोर पाहून नाही."

"माही पोरगी आहे ते," बाबा मध्येच म्हणाले, जणू त्यात माझा काही दोष नाही.

"तेच म्हणतोय मी," सर हसले. "तिला तुम्ही असे दिसता. या मुलांना तुम्ही कोण ते माहीत नाही, म्हणून त्यांना खांदा दिसला."

बाबांनी थोडा विचार केला. "आनं हे पाहनं शिकवता येते?"

"येतं. वेळ लागतो."

"पाठवू का मंग हिले?"

"ते मी नाही सांगणार," सर म्हणाले. "मी हो म्हटलं आणि उद्या हिचं मन उडालं, तर तुम्ही मला शोधत याल."

म्हणून बाबांनी मुलांनाच विचारलं. घरच्यांनी पाठवलं का, काय म्हणाले घरचे. एक उंच मुलगा म्हणाला, इथं आल्यापासून त्याचे वडील त्याच्याशी बोलतच नाहीत, आईच्या फोनवरून खुशाली कळते. त्याच्या शेजारचा चष्मेवाला म्हणाला, त्याला चित्रात काही रस नव्हता, मार्क कमी पडले म्हणून वडिलांनीच इथं आणून टाकलं. बाबा त्या दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिले. परतीच्या गाडीत ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. ब्रह्मपुरी गेल्यावर म्हणाले, "दोघंही एकाच बाकावर बसून राह्यले, पाहाय."

घरी आल्यावर त्यांनी आईला खांद्याची गोष्ट सांगितली. आईनं त्यांना उभं राहायला लावलं, मागून पाहिलं, पुढून पाहिलं. "हे तं मले केव्हाचं माईत आहे," ती म्हणाली. "शर्ट शिवतो तेव्हा उजवीकडं कापड कमीच घेतो मी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "माहं काढ बरं. पन मी थांबनार नाई, मले काम आहे." मी मशीनसमोर बसून तिचे चालते हात काढायचा प्रयत्न केला. एकही धड आला नाही. तिनं ते सगळे कागद पाहिले आणि म्हणाली, "शिकाच लागन तुले." माझ्या प्रवेशावर घरात झालेली चर्चा एवढीच.

प्रवेश मिळाला आणि मग वेगळंच सुरू झालं. बाबांना चित्रकलेचा नाद लागला, माझ्या चित्रकलेचा. रोज संध्याकाळी फोन यायचा. "आज काय काढलं? सर काय म्हणाले?" त्यांनी माझी चित्रं मोबाईलमध्ये ठेवली होती, ती गाडीत प्रवाशांना दाखवायचे. सुट्टीत घरी गेले की दारात कोणीतरी बसलेलं असायचं. डेपोतले भाऊ, शेजारच्या काकू, आईच्या मावसबहिणी. "बसतो आम्ही, काढ आमचंही." डेपोच्या गणपतीमागचा पडदा मीच रंगवायचा, असंही बाबांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

हे सगळं प्रेमाचं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण हळूहळू कागदापुढे बसलं की वाटायचं, सगळी कुरखेडा गाडी माझ्या मागे उभी आहे. रेघ ओढायच्या आधीच ती आवडेल का, हा विचार यायचा. दुसऱ्या वर्षी सर म्हणाले, तुझा हात आखडलाय. आजही मला याचं कुतूहल वाटतं. ज्या मुलाचे वडील बोलत नव्हते, त्याचा हात का नव्हता आखडला?

दिवाळीला घरी गेले तेव्हा बाबा अंगणात मोबाईलवर माझं एक चित्र मोठं करून पाहत होते. मी त्यांच्याजवळ बसले.

"बाबा, चित्राचं विचारत नका जाऊ काही दिवस."

त्यांनी मोबाईल खाली ठेवला. "काऊन? मी काही चुकलो का?"

"नाई. तुम्ही विचारता तर मले काढताना तुम्हीच दिसता."

मला वाटलं, दुखावले. मग म्हणाले, "बरं. मंग फोनवर काय विचारू?"

"जेवली का म्हनून विचारा."

त्यानंतर ते रोज तेवढंच विचारायचे. कधीकधी "जेवली का" म्हटल्यावर फोनवर जरा जास्तच शांतता व्हायची, तेव्हा मला कळायचं की ते काहीतरी गिळतायत. काही महिन्यांनी मी आपणहून सांगितलं, आज लाकडावर कोरीवकाम सुरू केलं, त्यावरून छापे काढायचे असतात. "हं," एवढंच म्हणाले. पण आईनं नंतर सांगितलं, त्या संध्याकाळी ते गल्लीत दोनदा फेरी मारून आले.

माझं शिक्षण पूर्ण झालं. चष्मेवाला, ज्याला वडिलांनी ढकललं होतं, तो आमच्यातला सगळ्यात चांगला चित्रकार निघाला. उंच मुलानं मध्येच कॉलेज सोडलं आणि तो वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायला लागला. बापलेक आता एका ताटात जेवतात, असं तो सांगतो, आणि त्याच्या आवाजात मला खंत सापडत नाही. मी कितीदा शोधली आहे. या दोघांवरून काही नियम काढावा म्हटलं, तर तो उलटाच निघतो.

मी आता कुरखेड्याच्या पुढे एका आश्रमशाळेत चित्रकला शिकवते आणि उरलेल्या वेळात लाकूड कोरते. गेल्या हिवाळ्यात एक शेतकरी शाळेत आले. त्यांची मुलगी नववीत आहे, फार कमी बोलते आणि बैल काढते, तेही मागून, चालत निघालेले.

"बाई, हिले चित्राच्या कॉलेजात पाठवाव का?" त्यांनी विचारलं.

मी खरं तेच सांगितलं. "मला माहीत नाही, भाऊ."

"तुमाले माईत नाई? तुमी तं तेच शिकल्या."

"म्हणूनच सांगते."

ते रागावले नाहीत. जरा वेळ ओट्यावर बसले, बाहेर खेळणाऱ्या मुलांकडे पाहत. मग त्यांनी विचारलं, मुलं चित्रं कुठल्या खोलीत काढतात? मी किल्ली आणली. दारातच त्यांनी चपला काढल्या आणि आत जाऊन भिंतीजवळच्या पहिल्या कागदापासून एकेक पाहायला सुरुवात केली. कोणतं चित्र त्यांच्या मुलीचं, ते त्यांनी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.