पट्टा नेला, कुत्रा ठेवला

सिनेमावाल्या डॉक्टरांनी एका कुत्र्याला फसवलं. कुत्र्याचं नाव टिप्या. हा व्यवहार माझ्या डोळ्यांदेखत झाला आणि कुत्रा माझ्याच पदरात पडला, म्हणून हे मलाच लिहायला हवं. मंडळातले लोक लिहिणार नाहीत. त्यांच्या लेखी डॉक्टर म्हणजे मोठा हळवा माणूस.

हळवे तर ते होतेच. इंग्लंडात, वॉटफर्डच्या आमच्या मराठी मंडळात इतक्या सहज रडणारा दुसरा पुरुष मी पाहिला नाही. दर हिवाळ्यात ते चर्चचा हॉल भाड्याने घ्यायचे, पडदा टांगायचे आणि तीच एक डीव्हीडी लावायचे. युद्धानंतरच्या काळातला, युरोपातला, काळापांढरा सिनेमा. एक पेन्शनीतला म्हातारा आणि त्याचा कुत्रा. म्हातारा जगाला नकोसा झालेला, कुत्र्याला मात्र तोच हवा. परिस्थिती अशी येते की म्हातारा कुत्र्याला कुणाच्या तरी गळ्यात बांधायला निघतो. नेमकं तिथे डॉक्टर रिमोटने सिनेमा थांबवायचे, रुमाल काढायचे आणि एकेकाकडे बोट दाखवून विचारायचे, “तुम्ही काय केलं असतं?”

बायका म्हणायच्या, आम्ही नसता हो दिला. आयटीतली पोरं काहीतरी इंग्रजीत बोलायची. माझ्यावर बोट आलं तेव्हा मी म्हणालो, “दिला असता. पण आधी त्या माणसाचं घर बघितलं असतं. खायला काय घालणार ते विचारलं असतं. मग दिला असता.”

सगळा हॉल हसला. डॉक्टर म्हणाले, “बॅगवाले, इथेही सौदाच का?”

बॅगवाला मी आहेच. या देशात एका बॅगेवर आलो आणि आज बाजारात माझा बॅगांचा स्टॉल आहे. परत जाणारा प्रत्येक जण शेवटची मोठी बॅग माझ्याकडून नेतो. मी भाव करतो, मोठ्याने करतो, आणि त्याची मला लाज वाटत नाही. डॉक्टरांना वाटायची. ते स्टॉलवर आले की टिप्याला कडेवर घेऊन दूर उभे राहायचे, जणू माझी घासाघीस त्याच्या कानावर पडू नये. “भाव करणारा माणूस प्रेम करू शकत नाही,” हे त्यांचं आवडतं वाक्य. माझ्या बायकोसमोर म्हणायचे. ती बिचारी चहा ओतत राहायची.

आता खरं तेही सांगतो. त्यांचं टिप्यावर प्रेम होतं. तो एकदा आजारी पडला तेव्हा हॉस्पिटलातून थकून आलेला हा माणूस त्याच्याशेजारी जमिनीवर झोपला होता. प्रेम खोटं असतं तर माझा राग केव्हाच उतरला असता. खोट्या मालाचं मला काही वाटत नाही, तो बाजारात असायचाच. खरा माल असून जो हात वर करतो, त्याच्याबद्दल माझ्या मनात थुंकण्याइतकीही जागा नाही.

रिटायर झाल्यावर डॉक्टर पुण्याला निघाले. माझ्याकडून चाकांच्या दोन बॅगा घेतल्या आणि जायच्या दिवशी सकाळी टिप्याला माझ्या दारात आणून सोडलं. “तिकडे घर लागलं की बोलावून घेतो. तोवर तुम्ही आहातच.” मी कुत्रा कधी पाळलेला नाही. मी त्याला काय घालणार, कुठे झोपवणार, त्यांनी काही विचारलं नाही. हॉलमध्ये ज्यांना सगळे हसले होते ते दोन साधे प्रश्न, तेही नाहीत.

“पट्टा?” मी विचारलं.

“सापडत नाहीये हो. पॅकिंगमध्ये कुठे गेला कोण जाणे. पाठवतो.”

बॅगा ओढत ते फुटपाथवरून टॅक्सीकडे गेले. फरशांवर चाकं खडखडत होती. टिप्या तो आवाज संपेपर्यंत ऐकत उभा होता. मी त्याला बॅगेचा एक जुना बंद बांधला.

मग फोन सुरू झाले. मी कॉलिंग कार्डावरचा नंबर खरवडून पुण्याला फोन लावायचो, ते म्हणायचे, “सोसायटीच्या परवानगीचं बघतोय.” मी क्रॉयडनला जाऊन जनावरं विमानाने पाठवणाऱ्या माणसाला भेटलो, सगळं विचारून आलो. पाठवता येतं म्हणाला. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, “प्रवासात त्याचे हाल होतील हो. तुम्हाला नाही कळायचं.”

मला काय कळतं ते सांगतो. टिप्याला घरी एकटं ठेवता येईना, म्हणून मी त्याला स्टॉलवर नेऊ लागलो. तिथे दिवसभर गिऱ्हाइकं बॅगा ओढून बघतात. चाकं खडखडली की टिप्या उठायचा, कान टवकारून त्या माणसाच्या पायांपर्यंत जायचा, हुंगायचा आणि परत येऊन बसायचा. प्रत्येक बॅगेला. जगात इतके धंदे असताना हा कुत्रा नेमका बॅगवाल्याच्या गळ्यात बांधला गेला.

गेल्या उन्हाळ्यात मंडळातल्या जोशीबाई पुण्याहून आल्या. “अहो, डॉक्टरांचा बंगला काय छान आहे! पुढे मोठी बाग. आणि तिथेही सिनेमाचा क्लब काढलाय. तोच सिनेमा दाखवतात. शेवटी टिप्याचा पट्टा हातात घेऊन बोलतात. सगळं सभागृह रडत होतं. मीसुद्धा.”

“कसला पट्टा?”

“टिप्याचा हो. तपकिरी. आठवण म्हणून नेला म्हणाले.”

मी हातातली बॅग अशी आपटली की तिचं हँडल निघालं. टिप्या तेवढ्यानेही उठला.

आता कळलंय की मंडळ या हिवाळ्यात डॉक्टरांना पाहुणे म्हणून बोलावतंय. तोच हॉल, तोच सिनेमा. या डॉक्टर. मी पहिल्या रांगेत आहे, टिप्या माझ्या पायाशी. त्याच्या मागच्या पायांत आता जोर नाही, तेव्हा हॉलमध्ये चाकांची बॅग ओढत येऊ नका, तो उठायचा प्रयत्न करेल. पट्टा मात्र आणा. आणि सिनेमा नेहमीच्या जागी थांबवलात की यावेळी लोकांकडे बोट दाखवायचं नाही. तुम्ही काय केलंत ते तुम्ही सांगायचं. मला नको. खाली बसून, त्याला सांगा.