उघड्या तोंडांची पंगत

नानांच्या गालाचं ऑपरेशन मुंबईला झालं, तेव्हा मी बी.एस्सी. होऊन धुळ्याच्या घरी नोकरीची वाट बघत बसलो होतो. बसलेल्या माणसाला कोणतंही काम जमतं असा आमच्याकडे समज, म्हणून काकांचं, म्हणजे नानांचं तोंड उघडून घेण्याचं काम माझ्याकडे आलं.

कॅन्सरची गाठ काढून झाली होती, विजेचे शेक, म्हणजे रेडिएशनही घेऊन झालं होतं. तंबाखू सुटली होती, पण ती सोडताना नाना जेवढे चिडले तेवढे ऑपरेशनच्या वेळीही चिडले नव्हते. निघताना डॉक्टरांनी बजावलं, शेक दिलेला जबडा आवळत जातो. दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्यांची चळत सरकवून रोज तोंड ताणायचं, जमेल तशी काडी वाढवायची. कंटाळा केला तर तोंड मिटत जाईल आणि जन्मभर पेज प्यावी लागेल. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी नसेल तर त्याला जेवण न म्हणणाऱ्या माणसाला हे ऐकवलं.

कुल्फीवाल्याकडून मी कोऱ्या काड्यांचं पुडकं आणलं. पण व्यायामाला वेळच मिळेना. आमच्या भागात दवाखान्यातून आलेल्या माणसाला भेटायला जावंच लागतं, न गेलेला पुढे लग्नाकार्यात टोमणे खातो. शिरपूरपासून चाळीसगावपर्यंतची माणसं येऊन ओसरीवर बसायची, आणि पाहुणे असेपर्यंत नाना तोंड उघडायचे नाहीत.

"पाव्हनासमोर आ करी बसू? मी काय येडा शे?"

आठवड्याभरात चळतीतली एक काडी कमी करावी लागली. काकीनं ती बाजूला पडलेली बघितली आणि काड्यांचं पुडकंच माझ्याकडून काढून घेतलं, हे लक्षण वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी ओसरी भरलेली असताना ती ताट घेऊन आली. पाहुण्यांना वाटलं, पानसुपारी. ताटात काड्या होत्या. आमच्याकडे कुणाला एकट्याला जेवू देत नाहीत, पोट भरलेलं असलं तरी सोबतीला कुणीतरी बसतंच. काकीनं तोच नियम इथे लावला.

"ह्यासले एकलाले तोंड उघाडानी लाज वाटस. तुम्हीन बठ्ठा सोबत बसा."

घरच्या लक्ष्मीनं पुढे केलेलं ताट नाकारायची कुणाची छाती नव्हती. फेटेवाले, टोपीवाले सगळे ओळीनं आ करून बसले. दूधवाला आला, त्यानं ओळ बघितली, कॅन खाली ठेवला आणि काही न विचारता आ करून शेवटी बसला. शेजारचे आबा आपल्यापेक्षा जास्त काड्या घेतात हे दिसल्यावर नानांनी कमी केलेली काडी परत मागून घेतली.

मी विज्ञानाचा पदवीधर, उभा राहून सूचना देत होतो. "आबा, खांदे सैल सोडा. नाना, अजून थोडं."

"तू बी बस," काकी म्हणाली.

मी ऐटीत बसलो. नानांच्या चळतीएवढीच चळत उचलली. ती शिरेना. मी म्हणालो, "या काड्या जाड आहेत." काकीनं नानांच्या हातातली चळत दिली. तीही शिरेना.

नानांनी माझ्याकडे बघितलं. "तू काय खास रे? तंबाखू?"

"तंबाखू नाही नाना. नुसती सुपारी. पुडीतली."

"मी बी आसंच म्हनेल शे," नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, मुंबईहून आल्यापासून पहिल्यांदाच घराबाहेर पडून नाना मला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी माझा गाल आतून चाचपला. कातडी कडक व्हायला लागली होती. सुपारी आज सोड, म्हणाले, नाहीतर काकांच्या वाटेनं जाशील. मग नानांचं तोंड उघडून बघितलं आणि मला म्हणाले, "यांच्याकडून शीक."

तेव्हापासून आम्ही दोघं समोरासमोर चळत घेऊन बसायचो. माझी चळत सुटेल या धास्तीनं नानांनी आपली कधी चुकवली नाही. दिवाळीला त्यांनी कळण्याची भाकरी दुधात कुस्करून तिचे दोन घास खाल्ले, आणि दोन्ही घास आत जाईपर्यंत काकी समोरून हलली नाही.

पाहुणे त्यानंतरही येत. ओसरीवर दोन माणसं आ करून बसलेली बघून विचारत, "पेशंट कोण?"

नाना बोटानं मला दाखवत. बोलायला तोंडातली चळत काढावी लागली असती.